आधी वकील, मग इसार : खान्देशात घर-प्लॉट घेता-विकताना वकील कसा निवडावा

जळगाव असो, धुळे असो की शहादा, दुय्यम निबंधक कार्यालयाच्या आसपास खरेदीखत लिहून द्यायला तयार असलेली माणसे हमखास भेटतात. दुपारपर्यंत दस्त तयार होतो, चलन भरले जाते, साक्षीदारही तेच उभे करतात. ही मंडळी आपल्या कामात वाकबगार असतात, त्यात वाद नाही. पण त्यांचे काम दस्त लिहिण्याचे. विकणारा खरोखर मालक आहे का, त्याला एकट्याला विकता येते का, हे शोधण्याचे नाही. निबंधकही ते शोधत बसत नाही. तो हजर असलेल्यांची ओळख पटवतो, मुद्रांक शुल्क बरोबर भरले का ते पाहतो आणि दस्त नोंदवतो. त्यामुळे मालकीची तपासणी कोणीच केलेली नसतानाही खरेदीखत रीतसर नोंदले जाऊ शकते. त्या तपासणीसाठी वकील लागतो, आणि तो खरेदीखताच्या दिवशी नव्हे, इसार देण्याआधी लागतो.

मुंबईत या कामाला सॉलिसिटरच्या पेढ्या आहेत. आपल्याकडे हे काम दिवाणी वकील करतात, पण सगळे दिवाणी वकील करत नाहीत. फौजदारीत नाव असलेला, कोर्ट गाजवणारा वकील फेरफार (मालकी बदलाच्या महसुली नोंदी) वाचण्यात कच्चा असू शकतो. उलट दिवसभर तहसील आणि भूमी अभिलेखच्या पायऱ्या चढणारा, फारसे नाव नसलेला वकील सातबारा पाहून दोन मिनिटांत नेमका खटका सांगतो. तुम्हाला हवा आहे तो दुसरा.

कुठला वकील?

पहिला नियम: मिळकत ज्या तालुक्यात, तिथे रोज काम करणारा वकील. तुम्ही पुण्यात किंवा सुरतला राहत असाल आणि प्लॉट चोपड्याला घेत असाल, तर वकील चोपड्याचा किंवा जळगावचा बघा. आजवरचे दस्त मिळकतीच्या हद्दीतल्या दुय्यम निबंधकाकडे नोंदवले जात आले आहेत आणि जुने कागद त्याच भागातल्या कचेऱ्यांत असतात.

जुने कागद कुठे आहेत हे कळणे, ही खान्देशातली अर्धी विद्या आहे. १९०६ मध्ये खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, त्यामुळे जुन्या दस्तांवर 'जिल्हा पूर्व खानदेश' म्हणजे आजचे जळगाव आणि 'पश्चिम खानदेश' म्हणजे धुळे-नंदुरबार. नंदुरबार जिल्हा १९९८ चा, म्हणून तिथल्या मिळकतीचा जुना माग काढताना धुळ्याला जावे लागू शकते. धरणगाव, बोदवड हे तालुकेही अलीकडचे. वकिलाला सहज विचारून पाहा: 'या गावचे तीस वर्षांपूर्वीचे दस्त कोणत्या कार्यालयात सापडतील?' जो रोज हे काम करतो तो उत्तर शोधत बसत नाही.

सीमेवरच्या गावांत आणखी एक बारकावा आहे. मुक्ताईनगरच्या जमिनीला १९४८ चा कुळकायदा लागतो. पलीकडे मलकापूरला विदर्भाचा वेगळा, १९५८ चा कायदा. नात्यातला वकील मलकापूरचा आहे म्हणून मुक्ताईनगरच्या शेताचे काम त्याच्याकडे देण्याआधी एवढे लक्षात ठेवा.

नावे कोणाकडून घ्यावीत? ज्यांनी गेल्या दोन-तीन वर्षांत त्याच भागात प्लॉट किंवा घर घेतले आणि ज्यांचा फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव लागले, त्यांच्याकडून. कर्ज घेतले असेल तर बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांची नावे शाखेत मिळतात. दलालाने सुचवलेले नाव घेऊ नये. दलालाला सौदा पूर्ण झाल्यावर दलाली मिळते, आणि त्याच्या ओळखीच्या वकिलाला पुढचे काम त्याच्याकडूनच यायचे असते. असा वकील 'थांबा' म्हणायला कचरतो. 'आपला गावना माणूस शे' एवढ्या भांडवलावरही वकील ठरवू नका. गावच्या माणसाला गावातल्याच विकणाऱ्याची भीड पडते.

सनद तपासायला संकोच करू नये. प्रत्येक वकिलाचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे असतो. तो लेटरहेडवर आणि शोध अहवालावर लिहिलेला असला पाहिजे. 'मीच सगळं पाहतो, सही साहेबांची घेऊ' असे म्हणणारा कारकून किंवा एजंट भेटला, तर साहेबांची प्रत्यक्ष भेट झाल्याशिवाय कागद देऊ नका.

पहिल्या भेटीत तो काय विचारतो?

वकील पारखायची सर्वांत सोपी कसोटी म्हणजे त्याने मागितलेले कागद. फक्त चालू सातबारा आणि आधार कार्ड पाहून 'टायटल क्लिअर आहे' म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडावे. महाभूलेखवर फुकट दिसणारा सातबारा केवळ माहितीसाठी असतो; डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो, आणि तोही आजचा मालक कोण एवढेच सांगतो. तो मालक कसा झाला, हे फेरफारात असते. म्हणून चांगला वकील सातबाऱ्याच्या तळाशी असलेले फेरफार क्रमांक टिपून घेतो आणि त्या प्रत्येकाचा गाव नमुना ६ चा उतारा मागतो. फेरफाराने मालकी मिळत नाही. ती दस्ताने किंवा वारसाने मिळते, फेरफार ही फक्त महसूल दप्तरातली नोंद. हे वाक्य वकिलाच्या तोंडून न विचारता आले, तर माणूस बरोबर आहे.

मिळकतीच्या प्रकारानुसार त्याचे प्रश्न बदलले पाहिजेत.

गावठाणातले घर असेल तर सिटी सर्व्हे झालेल्या ठिकाणी मालमत्ता पत्रक आणि त्यावरचा सत्ता प्रकार (जागा कोणत्या हक्काने धरली आहे ते) पाहावा लागतो. खेड्यात बरेचदा ग्रामपंचायतीचा नमुना ८ एवढाच कागद पुढे येतो. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. ज्या गावांत ड्रोनने गावठाण मोजणी झाली तिथे स्वामित्व योजनेतले मालमत्ता पत्रक निघाले का, हे वकिलाने विचारायला हवे. आणि नमुना ८ ला शेतीच्या गाव नमुना ८अ शी गोंधळणाऱ्याकडे थांबू नये. पहिला ग्रामपंचायतीचा, दुसरा तलाठ्याचा.

एनए (बिनशेती) प्लॉट हा जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या आसपासचा सर्वांत खपणारा माल, आणि घोळही इथेच जास्त. वकिलाने बिनशेती आदेशाची आणि अंतिम मंजूर ले-आउटची प्रत मागितली पाहिजे. तात्पुरत्या मंजुरीच्या नकाशावर प्लॉट विकले जातात आणि अंतिम मंजुरीत रस्ता सरकतो, नंबर बदलतात. मोकळी जागा म्हणून सोडलेला तुकडा पुढे प्लॉट म्हणून विकल्याची उदाहरणेही थोडी नाहीत. म्हणून नकाशात तुमचा प्लॉट नंबर, मोजमाप आणि चारी बाजूंचे प्लॉट दस्तातल्या चतुःसीमेशी जुळतात का, हे ताडून पाहायचे. एनए नसलेल्या शेतातले गुंठे नोटरी करून विकले असतील तर सरळ विचारा: हे तुकडेबंदीत (शेतजमिनीचे फार लहान तुकडे करायला मनाई) अडकते का, गुंठेवारी कायदा २००१ खाली नियमित झाले का? तुकडेबंदीच्या नियमांत अलीकडे बदल झाले आहेत. जुनेच उत्तर ठोकून देणारा आणि आजचे पत्रक काढून दाखवणारा, यातला फरक इथे उघडा पडतो. नोटरी केलेल्या कागदाने शंभर रुपयांवरची स्थावर मिळकत विकत घेता येत नाही, त्याला नोंदणीकृत दस्तच लागतो. यावर दुमत असलेला वकील नको.

फ्लॅट असेल तर प्रश्न वेगळे. प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरहून जास्त आणि सदनिका आठपेक्षा जास्त असतील, तर महारेरा नोंदणी क्रमांक हवा. त्या संकेतस्थळावर बिल्डरने टाकलेला टायटल रिपोर्ट तुम्हीही वाचू शकता. तिथे बिल्डर नोंदणीकृत करारनाम्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. जुना फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, आधीच्या सर्व खरेद्यांची साखळी, सोसायटी असल्यास भाग प्रमाणपत्र आणि ना हरकत, आणि अपार्टमेंट असल्यास घोषणापत्र. इमारतीखालची जमीन कोणाच्या नावे आहे, हे विचारायला बहुतेक जण विसरतात. वकिलाने विसरू नये.

शेतजमिनीचा विषय सर्वांत मोठा. घरासाठी म्हणून पुढे शेत घेणारे पुष्कळ असतात, म्हणून थोडे विस्ताराने.

घेणारा शेतकरी आहे का, हे आधी पाहावे लागते. कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. मग भोगवटादार वर्ग, म्हणजे जमीन मोकळेपणाने विकता येते की अटींवर. वर्ग १ असेल तर बरे. वर्ग २ असेल तर जमीन कोणत्या कारणाने वर्ग २ झाली आणि विकायला कोणाची परवानगी लागेल, हे लेखी हवे. 'नंतर करून घेऊ' हे उत्तर नव्हे. कुळाला मिळालेल्या जमिनीवर कलम ४३ चा (विक्रीवरच्या निर्बंधाचा) शेरा आहे का, देवस्थान इनाम आहे का, वतनाची आहे का, हे फेरफारांतूनच कळते.

'इतर हक्क' हा रकाना वकिलाने तुमच्यासमोर मोठ्याने वाचला पाहिजे. खान्देशात तिथे बहुधा विकास सोसायटीचा किंवा जिल्हा बँकेचा पीककर्जाचा बोजा असतो, अनेकदा 'ई करार' या दोन शब्दांत. हे साधे कर्ज समजू नका. सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ४८ प्रमाणे असे कर्ज व्याजासह फिटेपर्यंत जमीन विकता येत नाही आणि विकली तर तो व्यवहार रद्दबातल ठरतो. बेबाकी (कर्ज पूर्ण फिटल्याचा) दाखला हातात आणि बोजा कमी झाल्याचा फेरफार मंजूर, या दोन्ही गोष्टी खरेदीआधी हव्यात. पतसंस्थांच्या कलम १०१ च्या वसुली दाखल्यांमुळे जप्त झालेल्या मिळकतीही बाजारात फिरतात, त्यांचा शेरा याच रकान्यात शोधायचा.

नावापुढचे छोटे शब्दही महत्त्वाचे. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता; अज्ञान मुलाचा हिस्सा विकायला न्यायालयाची परवानगी लागते, नाहीतर सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत तो दाव्याने विक्री उलटवू शकतो. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे मागे आणखी हिस्सेदार आहेत. आणि बहिणी. वडील वारल्यावर फक्त भावांची नावे लागली, बहिणींना 'चोळी-बांगडी दिली' म्हणून कुणी विचारले नाही, असे सातबारे घरोघरी आहेत. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात तो आणखी स्पष्ट केला. म्हणून वकिलाने वंशावळ मागितलीच पाहिजे, आणि प्रत्येक बहिणीचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र किंवा खरेदीखतावर तिची सही. 'बहिणी काही म्हणणार नाहीत' हे भावाचे म्हणणे आहे. वकिलाने ते आपले म्हणणे करू नये.

नंदुरबार जिल्ह्यात, आणि साक्री, शिरपूर, यावल, रावेर, चोपड्याच्या आदिवासी गावांत, एक प्रश्न सगळ्यांच्या आधी: मूळ खातेदार आदिवासी आहे किंवा होता का? जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला घ्यायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि तीही शासनाच्या पूर्वमान्यतेने. परवानगीशिवाय झालेला व्यवहार पुढे कितीही हात बदलला तरी जमीन परत जाऊ शकते. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातल्या हस्तांतरणांसाठी १९७४ चा स्वतंत्र प्रत्यार्पण कायदा आहे. एनए झाले म्हणजे हे सुटले, असे सांगणाऱ्या वकिलापासून दूर राहा.

शेवटी भूसंपादन. सुरत-धुळे-जळगाव-नागपूर महामार्ग, म्हणजे आताचा क्रमांक ५३, त्याचे बायपास, धुळ्यावरून जाणारा मनमाड-इंदूर रेल्वेमार्ग, धरणांचे बुडीत आणि लाभक्षेत्र. महामार्ग कायद्याची ३डी अधिसूचना निघाली की ती जमीन केंद्र सरकारची होते. नंतरच्या खरेदीने तुम्हाला काही मिळत नाही. गट नंबर घेऊन भूसंपादनाची आणि नगररचनेची चौकशी करणे हे वकिलाच्या कामाच्या यादीत असायला हवे.

दोघांना एकच वकील नको

खर्च वाचावा म्हणून घेणारा आणि विकणारा मिळून एकच वकील करतात, ही आपल्याकडची जुनी सवय. दस्त लिहिण्यापुरते ते चालते, तपासणीसाठी चालत नाही. विकणाऱ्याचा दोष शोधायचा त्यासाठीच तर तुम्ही पैसे देता. बिल्डरचा वकीलही तुमचा नव्हे. बँकेच्या पॅनेलचा वकील बँकेसाठी पाहतो: कर्जाची रक्कम सुरक्षित आहे का. किमतीचा तुमच्या खिशातला हिस्सा, ताबा, हद्दीचा वाद, हे त्याच्या अहवालात नसेल. तो अहवाल मागून घ्या, पण त्यावर विसंबू नका.

फी आधी आणि लेखी ठरवा. कामाचे तुकडे पाडून विचारलेले बरे: शोध अहवाल, जाहीर नोटीस, साठेखत (पुढे खरेदी देण्याचा करार), खरेदीखत, नोंदणीच्या दिवशी हजेरी, फेरफार मंजूर होईपर्यंतचा पाठपुरावा. सरकारी शुल्क वेगळे आणि चलनाप्रमाणे. 'सगळं मिळून इतके' असा गोळा आकडा घेतला की नेमके काय झाले नाही ते शेवटपर्यंत कळत नाही. आणि सौदा झाला तरच फी, असे ठरवू नका. बार कौन्सिलच्या नियमांत निकालावर अवलंबून फी घ्यायला मनाई आहेच, शिवाय त्यामुळे वकिलाचाही जीव सौद्यात गुंततो. नकारार्थी अहवालाचीही पूर्ण फी आनंदाने द्यावी. त्याने तुमचे लाखो वाचवलेले असतात.

शोध अहवाल कसा वाचावा

शोध किमान ३० वर्षांचा हवा. गहाण सोडवून घेण्याची मुदत ३० वर्षांची असते, म्हणून हा आकडा. साधारण २००२ नंतरच्या नोंदी संगणकावर आहेत, त्याआधीच्या हाताने लिहिलेल्या सूचीच्या पुस्तकांत. घरबसल्या फक्त ई-सर्च करून दिलेला अहवाल म्हणून अपुरा. शहरात एकापेक्षा जास्त दुय्यम निबंधक कार्यालये असतील तर शोध सगळीकडे हवा, कारण एकाच मिळकतीचे दोन दस्त दोन कार्यालयांत नोंदलेले असू शकतात.

अहवालाला शोधाच्या सरकारी शुल्काची पावती जोडलेली असते. ती नसेल तर शोध झाला की नाही हाच प्रश्न. पुढे पाहा: कोणती वर्षे शोधली, कोणत्या वर्षांची पुस्तके फाटकी किंवा अनुपलब्ध होती, ते लिहिले आहे का, मालकीची साखळी तारखा आणि दस्त क्रमांकांसह आहे का, बोजे कोणते. टायटल डीड ठेवून घेतलेल्या कर्जाची नोटीस २०१३ पासून निबंधकाकडे दाखल करावी लागते, तिची नोंद आणि सरसाईचा (तारण मिळकतींच्या केंद्रीय नोंदवहीचा) शोध, दोन्हींचा उल्लेख हवा. दिवाणी दावे ई-कोर्ट्सवर आणि महसुली अपिले ई-क्यूजे कोर्टवर नावाने शोधता येतात. ते तुम्ही स्वतःही करून पाहा. मात्र नावाच्या स्पेलिंगमुळे निकाल चुकतात. पाटील आणि चौधरी यांची खाती शेकड्याने निघतात, म्हणून वडिलांच्या नावासह शोधायचे.

अहवालाच्या शेवटी 'टायटल क्लिअर अँड मार्केटेबल' एवढेच असेल आणि एकही अट नसेल, तर शंका घ्यावी. खऱ्या अहवालात 'अमुक बोजा फेडल्यास', 'अमुक वारसाची संमती घेतल्यास' अशी दोन-चार 'जर' असतातच.

जाहीर नोटीस या भागात खरोखर वाचल्या जाणाऱ्या दैनिकाच्या स्थानिक आवृत्तीत द्यावी, आणि गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा पूर्ण छापाव्यात. हरकतीसाठी सात ते पंधरा दिवस ठेवतात. हरकत आली नाही म्हणजे मालकी सिद्ध झाली असे नाही. भाऊबंदकी पेपर वाचून नव्हे, ट्रॅक्टर शेतात गेल्यावर जागी होते. शेतासाठी किंवा मोठ्या प्लॉटसाठी भूमी अभिलेखकडून मोजणी करून नकाशाची 'क' प्रत घेणे म्हणूनच स्वस्त पडते. मोजणीला शेजाऱ्यांना नोटिसा जातात, आणि हद्दीचा वाद असेल तर तो तेव्हाच बांधावर येतो.

इसार, साठेखत आणि पैसे

वकिलाकडे जाण्याआधी इसार देऊन झाला असेल तर निदान पावती त्याला दाखवा. तिच्यात 'वकिलाच्या अहवालात दोष निघाल्यास इसार पूर्ण परत' ही ओळ नसेल तर पुढचा पैसा देण्याआधी ती लिहून घ्या. रक्कम मोठी आणि मुदत तीन-चार महिन्यांची असेल तर नोंदणीकृत साठेखत करावे. मात्र साठेखतातच ताबा दिला, तर मुद्रांक शुल्क पूर्ण खरेदीचे लागते. हे आधी न सांगणारा वकील तुम्हाला पुढे दंडात घालतो. मुदत उलटूनही विकणारा खरेदी देत नसेल, तर ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो.

स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणे आयकर कायद्याला चालत नाही; घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो. 'व्हाईट किती, कॅश किती' हा हिशेब मांडायला वकीलच पुढे झाला, तर उद्या तो तुमच्या बाजूने कागदावर काय सिद्ध करणार? किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. विकणारा परदेशात राहणारा असेल तर हा नियम नाही, कपात बरीच जास्त. तिथे सीएला सोबत घ्यावे.

विकणारा हजर न राहता कुलमुखत्यारपत्रावर खरेदी देत असेल, तर वकिलाने मूळ पत्र, त्याची नोंदणी आणि देणारा हयात असल्याची खात्री, तिन्ही पाहावीत. केवळ मुखत्यारपत्र आणि पैसे देऊन मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सांगून झाले आहे.

नोंदणीचा दिवस आणि नंतर

दस्ताचा मसुदा तुम्हाला निदान दोन दिवस आधी मिळायला हवा. नाव, गट किंवा सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, चेक आणि यूटीआर क्रमांक स्वतः ताडा. ऑनलाइन डेटा एंट्री कार्यालयातला मुलगा करतो, आणि त्याची चूक थेट सूची २ मध्ये (नोंदलेल्या दस्ताच्या सारांश उताऱ्यात) उतरते. मग चूक दुरुस्ती पत्रासाठी विकणाऱ्याला पुन्हा बोलवावे लागते, आणि तो तेव्हा फोन उचलत नाही. नोंदणी फी किमतीच्या १ टक्का, कमाल ३०,००० रुपये. मुद्रांक शुल्क महापालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायत हद्दीत वेगवेगळे. ते वार्षिक दर तक्त्याची (रेडी रेकनरची) किंमत आणि प्रत्यक्ष किंमत यांतल्या जास्तीवर लागते. राहते घर स्त्रीच्या एकटीच्या नावावर घेतल्यास १ टक्का सवलत आहे. वकिलाने मूल्यांकनाचा हिशेब कागदावर दाखवावा. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला सादर करावा लागतो, पण सही आणि नोंदणी एकाच दिवशी होणेच चांगले.

खरेदीनंतर काम संपले असे समजून बहुतेक वकील फाइल बांधतात. फेरफाराची नोंद तलाठ्याकडे ऑनलाइन जाते, पंधरा दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी मंजूर करतात. 'आपली चावडी'वर नोटीस दिसते का ते पाहत राहा. हरकत आली तर सुनावणीला वकील उभा राहील का आणि कोणत्या फीत, हे सुरुवातीलाच ठरलेले असावे. सिटी सर्व्हेतल्या मिळकतीची नोंद मालमत्ता पत्रकावर वेगळी करावी लागते. महापालिकेची घरपट्टी आणि महावितरणचे बिल वेगळे.

विकणाऱ्यालाही वकील लागतो

विकणाऱ्याला वाटते आपण पैसे घेणारे, आपल्याला काय धोका. धोका दस्तातल्या हमीत असतो. 'कोणताही दोष निघाल्यास विकणारा भरून देईल' ही ओळ किती लांब आणि किती काळ ओढली आहे, ते आपल्या वकिलाकडून वाचून घ्या. कर्ज फेडून बँकेकडून मूळ दस्त आणि बोजा उतरल्याची नोंद आधीच करून घेतली, वारस नोंद पूर्ण केली, घरपट्टीची निरंक पावती आणली, तर घेणाऱ्याला किंमत पाडायला निमित्त उरत नाही. शेवटचा चेक वटल्याशिवाय ताबा नाही, हे वाक्य मसुद्यात हवे. मूळ कागद घेणाऱ्याच्या वकिलाला देताना पोहोच घ्यावी. इसाराच्या वेळी झेरॉक्स पुरते.

वकील बदलायचा झाला तर

दोन-तीन आठवडे अहवालच येत नाही, फोनवर फक्त कारकून असतो, शोधाची पावती मागितली की टाळाटाळ होते, दुसऱ्या बाजूशी परस्पर बोलणी सुरू आहेत, किंवा तो कोऱ्या कागदावर सह्या मागतो. यांपैकी एकही गोष्ट वकील बदलायला पुरेशी आहे. झालेल्या कामाची फी द्या आणि कागद परत मागा. फी बाकी आहे म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये आर. डी. सक्सेना प्रकरणात हे ठरवले आहे. कागद देतानाच यादी करून त्यावर पोहोच घेतली असेल तर परत मागताना वाद होत नाही. गैरवर्तनाची तक्रार अधिवक्ता अधिनियम १९६१ च्या कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिलकडे लेखी करता येते. तक्रारीसोबत फीच्या पावत्या, संदेश आणि ती कागदांची यादी जोडावी लागते, म्हणून फीसुद्धा रोख न देता बँकेतूनच द्यावी.